खंडेनवमीची खळ

पुस्तक विकत घ्यायला जेवढ्या सह्या लागतात त्याच्या दुप्पट ते टाकून द्यायला लागतात, आणि पुस्तक सरकारी असेल तर विचारूच नका. छाया डाखरेला हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरीही धामणखेड्याच्या सार्वजनिक ग्रंथालयातला सरकारी प्रकाशनांचा अख्खा हॉल रिकामा करायचा प्रस्ताव तिने स्वतः लिहिला आणि तो मंजूर होईपर्यंत वरच्या कचेरीचा पिच्छा पुरवला. राजपत्रं, विधिमंडळाची कामकाजं, खात्यांचे अहवाल, जनगणनेच्या पुस्तिका. जमिनीपासून छतापर्यंत नुसते लाल पाठीचे खंड. गेल्या कित्येक वर्षांत तिकडे फिरकलेला एकमेव वाचक म्हणजे एक मांजर, आणि तेही बाळंतपणासाठी.

ग्रंथपालच पुस्तकांच्या मुळावर उठली, असं गावात कुणी म्हटलं नाही, कारण हॉलमध्ये पुढे काय येणार होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. डायलिसिसच्या सहा खाटा. धामणखेड्यात घर सोडून घर मूत्रपिंडाचा रोगी होता. आठवड्यातून तीनदा पहाटे एक बिनड्रायव्हरची गाडी त्यांना गोळा करून नागपूरला नेई आणि अंधार पडल्यावर परत आणून टाकी. त्या गाडीत मागच्या खिडकीशी छायाचा नवरा पुंडलिक बसे, आणि त्याच्या शेजारी शाळेतून निवृत्त झालेले ठमके गुरुजी.

पुंडलिक ह्याच ग्रंथालयाचा बाइंडर. छाया नोकरीला आली तेव्हा तो मागच्या पडवीत दाभण घेऊन बसलेला असे आणि तिच्या प्रत्येक सूचनेवर "व्हय मॅडम" म्हणून स्वतःला हवं तेच करी. दोन वर्षं भांडून झाल्यावर दोघांनी लग्न केलं. ग्रंथपालबाईनं बाइंडर केला म्हणून छायाच्या माहेरी चूल पेटली नाही म्हणतात. पुंडलिक मात्र घरी तिला छाया आणि ग्रंथालयात मॅडम म्हणत राहिला, आणि दोन्हीकडे ऐकायचं तेवढंच ऐकत राहिला.

हॉलमधले बहुतेक खंड त्यानेच शिवलेले. राजपत्र छापायचं बंद झालं त्या वर्षापर्यंत.

*

थंडी सरता सरता बंदवाचक आला. दिसायला पिठाच्या गिरणीएवढा, आवाज शिलाई मशीनएवढा. बंद पुस्तक न उघडता वाचणारं यंत्र म्हणून त्याचं हे नाव; खंड रद्दीत जाण्याआधी त्यांतला मजकूर त्याने टिपून ठेवायचा होता. ते चालवायला मैथिली केळुसकर नावाची पदार्थविज्ञानातली तरुण बाई मुंबईहून आली होती. तिला गावात पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "मॅडम, पाणी बाटलीचंच पिजा."

यंत्राची करामत तिने छायाला समजावून सांगितली. रेडिओच्या लहरी आणि उष्णतेचे किरण यांच्या मधोमध टेराहर्ट्झ नावाच्या लहरी असतात. कागद त्यांना अडवत नाही. पण दोन पानांच्या मध्ये हवेचा केसाहून बारीक थर असतो, तिथे लहरीचा थोडा अंश उलटा फिरतो. पहिल्या पानावरून आधी, दुसऱ्यावरून किंचित उशिरा, तिसऱ्यावरून आणखी उशिरा. ह्या उशिरावरून यंत्र पानं वेगळी करतं, आणि शाई जिथे लहर शोषून घेते तिथे अक्षर आहे असं ओळखतं. जाडजूड खंडांत ह्या लहरी दमतात, म्हणून जोडीला क्ष-किरणांची एक बारीक शलाका असते. तिचा मारा झाला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक तेजानं चमकतं. तांब्याचं निराळं, शिशाचं निराळं.

"फक्त तुमच्या खंडांच्या पाठी फार त्रास देतात," मैथिली म्हणाली. "इतक्या चमकतात की जवळची पानं दिपून जातात."

"मोरचुदानं," छाया हसून म्हणाली. "पुस्तक चिकटवायच्या पिठाच्या खळीला कसरीचे किडे लागू नयेत म्हणून घालतात."

"बरोबर. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षारच. मग यंत्र पाठीचं तेज मोजतं, वजा करतं, आणि ते वजा केलेलं एका बाजूच्या फायलीत टाकतं. त्या फायलीचं नाव आम्ही कचरा ठेवलंय."

वाचून झालेला खंड पडवीत जाई. कागदगिरणीला खळ आणि कापड चालत नाही, म्हणून पाठी कापून वेगळ्या कराव्या लागत. हे काम करायला छायाने दोन माणसं बोलावली होती. पण डायलिसिसचा दिवस नसेल तेव्हा पुंडलिकच येऊन बसू लागला. "ते फाडतेत," तो म्हणाला. "शिवलेलं हाय, फाडायचं नसते. म्या उसवतो." आपण पंचवीस वर्षं घातलेले टाके तो एकेक करून उसवत बसला. छायाला ते पाहवेना, म्हणून ती त्या बाजूला कमी जाऊ लागली.

नियमाप्रमाणे सर्वांत खराब खंड आधी काढायचे होते. म्हणजे कसर लागलेले. असे खंड मोजकेच होते, पण दरसालच्या रांगेत हटकून एक असायचाच, आरपार भोकं पडलेला. ह्या एका खंडावरून नवराबायकोची आयुष्यभर जुंपलेली होती. "मोरचूद घरी नेता का काय तुम्ही?" असं ती दरवर्षी विचारी, आणि एरवी जिभेला हाड नसलेला पुंडलिक दरवर्षी तेवढ्याच वेळी गप्प बसे. आता त्या खंडांचे गठ्ठे पडवीत बांधून ठेवले होते आणि उसवलेल्या पाठींचा ढीग आवारातल्या विहिरीशी पडला होता.

*

एके दुपारी मैथिलीने छायाला हॉलमध्ये बोलावलं आणि पडद्यावरची एक रेघ दाखवली.

"ही कचऱ्याची फाईल आहे. मी सहज उघडली. पाठींतलं तांबं सगळ्या वर्षांत जवळपास सारखं आहे. पण त्याच्या शेजारी दुसरं एक तेज आहे, फार मंद. जुन्या खंडांत ते दिसतच नाही. मग एका वर्षी सुरू होतं आणि वाढत जातं."

"कशाचं?"

"कॅडमियमचं."

छाया खुर्चीवर बसली. धामणखेड्यातल्या शेंबड्या पोरालाही हा शब्द पाठ होता. पाण्यात कॅडमियम आहे हे सगळ्यांना माहीत होतं. वाद होता तो ते आलं कुठून ह्याचा. गावाच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारा कारखाना होता. लोक म्हणत, त्याच्यामुळे. कारखाना म्हणे, इथल्या खडकातच आहे, पूर्वीपासून आहे, आणि तसा एक जाडजूड अहवालही ह्याच हॉलमध्ये उभा होता. खडकात आहे म्हटल्यावर दोष कुणाचाच नव्हता. कारखाना चालूच राहिला होता. टेकडीपलीकडून पाणी आणायची योजना गरज नाही म्हणून बासनात गेली होती, आणि नगरपालिका घरोघरी फिल्टर वाटत होती, जे सहा महिन्यांत गाळ धरून बसत.

"खळ कुठल्या पाण्यात शिजवायचे?" मैथिलीने विचारलं.

"आवारातल्या विहिरीच्या. नळाच्या पाण्याची खळ फाटते म्हणायचे. पाणी कधी बदललं नाही त्यांनी."

"मग ही नुसती खळ नाही ताई. दरसालच्या पाण्याचा नमुना आहे, वाळवून, तारखेसकट जपून ठेवलेला. असा कुठेच मिळत नाही. जुनं पाणी कोण ठेवतं? यंत्राला फक्त वास लागलाय. खात्री प्रयोगशाळेतच होईल. पण त्यासाठी हे खंड जिथल्या तिथे उभे हवेत. हलवले, की उद्या कुणीही म्हणेल बाहेरून आणले. न्यायालयातून हॉलला सील लावून घ्यावं लागेल."

"किती दिवस?"

"वर्ष. कदाचित जास्त."

छायाला त्या मुलीचा एकाएकी भयंकर राग आला. मार्चअखेर हॉल दिला नाही तर खाटांचा निधी परत जाणार होता. "तुम्ही बाटलीचं पाणी पिता," ती म्हणाली, "आणि उद्या निघून जाल. माझ्या नवऱ्याचं मूत्रपिंड ह्या रेघेनं परत येणार आहे का?"

"नाही," मैथिली खाली मान घालून म्हणाली.

समोरच्या वाचनकक्षातून दोन मुली बाहेर आल्या आणि नळाशी उभ्या राहून बाटल्या भरू लागल्या. भिंतीवरचा फिल्टरचा दिवा लाल होता. तो कधीपासून लाल होता ते छायाला आठवेना.

"आणखी एक अडचण आहे," मैथिली हळूच म्हणाली. "कारखान्याचे वकील म्हणतील, कॅडमियम पाण्यातलं नाही, मोरचुदातलं आहे. स्वस्त मोरचुदात भेसळ असते. हे खोटं पाडायला मोरचूद न घातलेली खळ हवी. तीही दरसालची. अशी कुठून मिळणार?"

छायाच्या डोळ्यांपुढे ते भोकं पडलेले खंड उभे राहिले, आणि दरवर्षी तेवढ्याच वेळी गप्प बसणारा नवरा.

*

पुंडलिकला दिवसाला मोजकं पाणी. एक पितळी गडू भरून सकाळी ठेवायचा आणि तो रात्रीपर्यंत पुरवायचा. जेवताना तो गडूकडे पाहत जेवे. छायाने त्याच्यापुढे बिनमिठाची भाजी वाढली आणि सरळ विचारलं.

"दरसाल एका खंडाला कसर काऊन लागायची? खरं सांगा."

पुंडलिकने घास तसाच धरला. "आता काऊन काढते ते? चालले ना ते गिरणीत."

"सांगा म्हणते ना."

"हासशीन तू."

"नाही हसत."

"खंडेनवमीचे हायेत ते," तो ओशाळून म्हणाला. "त्या दिवशी शिकंजा, दाभण, सुरी धुऊन पुसून पूजत होतो ना? बाबा सांगून गेले होते, ताजी खळ शिजवून पयले हत्यारापुढं ठेवजो, मंग त्याच खळीनं एक खंड बांधजो. आता खळ म्हंजे पीठच की. अन्नच झालं. देवापुढं ठेवायच्या अन्नात इख कसं घालू? म्हणून त्या दिवशी मोरचूद नाई. तुले सांगितलं असतं तर सरकारी कामात देवधर्म आणला म्हणून मेमो दिला असता तू."

छाया हसली नाही. तिने पदर तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली. पुंडलिक घाबरला. एवढ्या जुन्या गोष्टीसाठी बायको रडते म्हणजे काहीतरी निराळंच आहे हे कळून त्याने ताट बाजूला केलं. मग तिने त्याला सगळं सांगितलं. रेघ, कॅडमियम, वकील, सील.

त्याने ऐकून घेतलं. गडूतलं एक घोटभर पाणी प्याला.

"सही कर," तो म्हणाला. "खाटा येऊ दे. मले आता ती गाडी होत नाई छाया. येताना पायात गोळे येतेत, आनं गुरुजींचा तर जीवच जाते. पुस्तकं काय, पुस्तकं हायेत."

*

डॉक्टर लांजेवार ग्रामीण रुग्णालयाचे. भला माणूस. ह्या सहा खाटांसाठी त्याने मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तो कागद घेऊन स्वतः आला. कागदावर एकच वाक्य छापलेलं होतं : सदर प्रकाशनांचा पुढील उपयोग नाही. खाली ग्रंथपालाच्या सहीची जागा.

छायाने पेन उघडलं. तिला पुंडलिकच्या पायातले गोळे दिसत होते. पहाटे गाडीची पायरी चढताना तो दांडा दोन्ही हातांनी धरतो, ते दिसत होतं. आणि बाहेर नळाशी परत कुणीतरी बाटली भरत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. सही करावी असं तिला मनापासून वाटत होतं. पण वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे साऱ्या गावात फक्त तिला, पुंडलिकला आणि त्या मुंबईच्या मुलीला ठाऊक होतं.

तिने "नाही" हा शब्द खोडला आणि वर "आहे" लिहिलं. मग सही केली.

डॉक्टरने कागद दोनदा वाचला. "बाई, शुद्धीवर आहात ना? निधी परत जाईल. पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल."

"माहीत आहे."

"पुंडलिकरावांना विचारलंत?"

"त्यांनी सही कर म्हटलं."

"मग?"

छायाने त्याला पडद्यापुढे नेलं. मैथिलीने रेघ दाखवली. डॉक्टर बराच वेळ उभा राहून पाहत होता. ती रेघ जिथे उठत होती ते वर्ष त्याने बोटाने दाबून धरलं, जसा दुखरा भाग चाचपून बघावा. त्याच्याकडे येणारे रोगी कोणत्या वर्षापासून वाढले ते त्याला पडद्यावर बघायची गरज नव्हती.

"मी तुम्हाला दोष देणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पण गाव देईल. तयारी ठेवा."

*

गावाने दोष दिलाच. आठवड्याभरात हॉलला सील लागलं आणि खाटा गेल्या. नवऱ्यापेक्षा बाईला पुस्तकं प्यारी, असं लोक तोंडावर बोलू लागले. ते तिने सोसलं. पुंडलिकचं गप्प बसणं सोसवेना. तिने त्याला न विचारता वाक्य फिरवून सही केली हे त्याला डॉक्टरकडून कळलं होतं.

"पुस्तकं ठेवली त्याचं काई नाई," तो एकदाच म्हणाला. "पण माह्या जिवाचा सौदा मले न विचारता केला." त्यानंतर गडू भरून ठेवला की "हं", गाडी आली की "हं". छाया रजा काढून त्याच्याबरोबर नागपूरला जाऊ लागली. गाडी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हॉर्न वाजवी, कारण तिला तसं शिकवलं होतं, आणि ठमके गुरुजी दरवेळी तिला रागवत, "अगं बाई, कोणाला हाकलतेस?" तेवढ्यावर सगळे हसत. पुंडलिकही हसे, पण खिडकीकडे तोंड करून.

वैशाखात एका परतीच्या प्रवासात गुरुजींनी मान टाकली. गाडीने स्वतःच वळून दवाखाना गाठला. उपयोग झाला नाही. खाटा धामणखेड्यात असत्या तर गुरुजी त्या दिवशी दुपारीच घरी पोहोचून पंख्याखाली पडले असते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की असं नक्की म्हणता येत नाही. छायाला नक्की म्हणता येत होतं. गुरुजींची मुलगी नंतर ग्रंथालयात पुस्तक परत द्यायला आली तेव्हा तिने ते टेबलावर ठेवलं आणि छायाकडे न पाहता निघून गेली. छाया उठून कपाटाआड गेली आणि पोटभर रडली. आपण चुकलो का, असं तिने स्वतःला विचारलं.

*

त्याच सुमारास मैथिली परत आली. प्रयोगशाळेला आता खंडेनवमीचे खंड हवे होते. खंड होते, पडवीत, गठ्ठ्यांत. हॉलला सील लावताना पंचांनी त्यांच्यावरही आणि विहिरीजवळच्या पाठींच्या ढिगावरही लाख लावली होती. पण पाठी कापलेल्या होत्या. कोणती पाठ कोणत्या खंडाची हे सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता आलं नाही तर सगळं मुसळ केरात.

पंचांसमोर ढीग उघडला. सगळ्या पाठी लाल, सगळ्या सारख्या. सोनेरी आकडे कधीच उडून गेलेले. मैथिली कपाळाला हात लावून बसली. छाया एकेक पाठ उचलून उगाच उलटीपालटी करत होती. एका पाठीला तीन भोकं होती, एक मोठं आणि दोन बारीक, तिरक्या ओळीत. तिने ती डोळ्याशी धरली. पलीकडचं आभाळ दिसलं.

ती तशीच उठली आणि पडवीतल्या गठ्ठ्यांकडे गेली.

कसर काही पाठ आणि पान असा भेदभाव करत नाही. ती पाठीतून शिरते आणि थेट पानांत जाते. जे भोक पाठीला, तेच पहिल्या पानाला, तेच पन्नासाव्या. तिने ती पाठ एकेका खंडाला लावून पाहिली. चौथ्या-पाचव्या खंडाला तिन्ही भोकं भोकांवर बसली. तिने गवताची काडी घेऊन घातली. काडी पाठीतून शिरली आणि अडखळल्याविना पानांत उतरली.

"मैथिली!" ती ओरडली.

दोघी उन्हात बसून जुळवू लागल्या. काही जुळल्या, बऱ्याच जुळेनात. पाठी वाळून आकसल्या होत्या, वाकड्या झाल्या होत्या. दुपार कलली तेव्हा फाटक वाजलं. पुंडलिक काठी टेकत येत होता. खांद्याला त्याची जुनी पिशवी होती. तो छायाच्या शेजारी बसला, पिशवीतून दाभण काढली, ओल्या फडक्याने एक पाठ मऊ केली, सरळ ओढली आणि डोळ्याशी धरली.

"हे अशी नसते लावायची," तो म्हणाला. "उलटी धरली तू. टाक्याची गाठ खाली येते." आणि मग खूप दिवसांनी, "काय मॅडम, इतकी वर्षं मेमो देता, आनं गाठ कुठं येते मालूम नाई?"

छायाला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने पाठ त्याच्या हातात दिली. "माझं चुकलं," ती म्हणाली. "विचारायला पाहिजे होतं."

"पाहिजेच होतं." त्याने दाभण भोकात घातली, ती पार गेली. "विचारलं असतं तर म्या नाईच म्हटलं असतं. म्हणून नाई विचारलं तू. मले समजत नाई का?" थोड्या वेळाने तो म्हणाला, "गुरुजी असते तर त्याईनं पयल्या दिवशीच जुळवून देल्ले असते. कोड्याचं लय वेड होतं त्यायले."

संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळे खंड जुळले. त्या एकाची पाठ कसरीने पुरतीच खाऊन टाकली होती.

*

निकाल यायला पुढचं दीड वर्ष गेलं. मोरचूद नसलेल्या खळीतही कॅडमियम होतं. कारखाना येण्याआधीच्या सगळ्या खंडेनवम्या स्वच्छ होत्या, नंतरची प्रत्येक आधीच्या वर्षापेक्षा वाईट. शेजारच्या मोरचुदाच्या खंडांत तोच चढ. खडकाला असा एका वर्षी एकदम पाझर फुटत नाही, हे कारखान्याच्या वकिलांनाही मान्य करावं लागलं. कारखाना बंद झाला. टेकडीपलीकडून पाण्याची वाहिनी टाकायला सुरुवात झाली, आणि वाचनकक्षासमोरचा नळ छायाने स्वतःच्या हातांनी बंद केला. डॉक्टर लांजेवारांनी परत पायऱ्या झिजवून कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात चार खाटा आणल्या. सहा नाही, चार. पुंडलिक आता दुपारी घरी यायचा, पण फार वाळला होता. दर खेपेला उशाशी बसून छाया त्या नळीतलं रक्त पाहायची आणि मनात गुरुजींच्या मुलीशी बोलायची. प्रत्यक्षात ती मुलगी अजून छायाशी बोलत नव्हती.

हॉलचं सील निघालं. निकालाची एक छापील प्रत ह्याच ग्रंथालयात कायम ठेवावी, असं न्यायालयाने लिहिलं होतं. जाडजूड, सुटी पानं आली. सरकारी प्रकाशनच ते.

"बांधायला नागपूरला पाठवू?" छायाने विचारलं.

"काऊन? म्या मेलो का?" पुंडलिक म्हणाला.

त्याला पुस्तक दाबायचा शिकंजा आवळता येईना, म्हणून तो शिवेल आणि आवळायचं छायाने, असं ठरलं. तिने पडवीत स्टोव्ह पेटवला आणि पातेलं घेऊन विहिरीवर गेली. विहिरीच्या काठावर नगरपालिकेने लाल रंगात लिहिलं होतं, पिण्यास अयोग्य. तिने पोहरा सोडला.

"त्याच पाण्याची करते?" पुंडलिकने विचारलं.

"ह्याच. कारखाना बंद झाल्यानंतरचं पहिलं पाणी आहे. पुढं कुणाला तरी बघायचं असेल, उतरलं की नाही."

त्याने मान हलवली. पीठ शिजायला लागलं, खळीचा तो जुना गोडसर वास पडवीत भरला. पुंडलिक टाके घालत होता. टाका अजून सरळ पडत होता. खळ घट्ट होत आली तशी त्याने फळीवरच्या निळ्या बरणीकडे बोट दाखवलं.

"मोरचूद टाक. आज काही खंडेनवमी नाई."

छायाने बरणीकडे पाहिलंही नाही. ती पातेलं ढवळत राहिली.

"अवं, कसर लागन ना!" तो म्हणाला.

"लागू द्या," छाया म्हणाली.